मंगळावर जायला बायकोची हरकत नाही

माणूस पृथ्वी सोडून कायमचा निघून जायला तयार होतो, त्यामागे मोठमोठी कारणं असतात असं वर्तमानपत्रांत लिहून येतं. मानवजातीचं भवितव्य, ज्ञानाची तहान, वगैरे. ऑरेस्ट हावरिलुकच्या बाबतीत कारण होतं झाडू.

लून बे गावच्या कर्लिंग क्लबात ऑरेस्ट गेली कित्येक वर्षं संघाचा कर्णधार होता. बर्फावरून ग्रॅनिटचा जड धोंडा सरकवायचा आणि तो लांबवर सरकून हव्या त्या जागी थांबावा म्हणून दोघांनी त्याच्यापुढे जिवाच्या आकांताने बर्फ झाडत पळायचं, असा हा खेळ. कर्णधार पलीकडच्या टोकाला उभा राहून ओरडतो आणि बाकीचे झाडतात. ऑरेस्टचा पिंडच ओरडण्याचा होता. तो नगरपालिकेत इमारत निरीक्षक होता. लोकांच्या जिन्यांच्या पायऱ्या मोजायच्या आणि मान हलवून "हे पाडावं लागेल" म्हणायचं, यात त्याची हयात गेली होती. त्या नोव्हेंबरात क्लबाने नवा कर्णधार नेमला, लेनर्ड बोडनार नावाचा निवृत्त दंतवैद्य, आणि ऑरेस्टच्या हातात झाडू दिला.

वर क्लबाचा अध्यक्ष म्हणाला, "तुला जरा मोकळं वाटेल, ऑरेस्ट. जबाबदारी नको, काही नको."

जबाबदारी काढून घेतली की माणसाला मोकळं वाटतं, असं फक्त जबाबदारी काढून घेणाऱ्यालाच वाटतं. ऑरेस्ट बारपाशी जाऊन बसला आणि कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाला, "या गावात राहण्यापेक्षा मंगळावर गेलेलं बरं."

"घेतायत," शेजारच्या स्टुलावरून सिग्गी म्हणाला.

सिग्गी थोरलाकसन हा ऑरेस्टचा शेजारी. आयुष्यभर मासेमारी केलेला, आणि बोलण्यातला शब्द न् शब्द खरा धरणारा माणूस.

"काय घेतायत?"

"मंगळावर माणसं. रेडिओवर सांगत होते. सेकंड होम म्हणून कुठली संस्था आहे. फक्त जायचं, यायचं नाही. परतीचं तिकीटच नाही म्हणे, त्यामुळे स्वस्तात पडतं."

इथे ऑरेस्ट हसला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. तो हसणारही होता. पण लेनर्ड आधी हसला.

त्याच आठवड्यात ऑरेस्टने अर्ज केला. मनात हिशोब सरळ होता. नाही म्हणतील, मग आपण चारचौघांत सांगू की आपण तयार होतो, जगच मागे पडलं. पण हिशोब करणाऱ्याने समोरच्यालाही अक्कल असू शकते हे धरायला हवं. सेकंड होमच्या लोकांना असा माणूस हवाच होता, ज्याला थंडी अंगवळणी पडली आहे, सांडपाण्याचे नकाशे वाचता येतात आणि ज्याला माणसांवाचून फारसं अडत नाही. फेब्रुवारी उजाडेपर्यंत ऑरेस्ट हावरिलुक निवडक उमेदवारांत जाऊन बसला होता, आणि विनिपेगच्या रेडिओने त्याचं नाव चुकीच्या उच्चारात का होईना, पण सांगितलं होतं.

त्याने बायकोला सांगितलं ते जेवताना. स्टेफा शाळेच्या कार्यालयातून नुकतीच निवृत्त झालेली. ऐकताना तिने चमचा खाली ठेवला. ऑरेस्ट थांबला. आता होणाऱ्या रडारडीला तोंड द्यायची त्याने तयारी ठेवली होती. कोणती वाक्यं बोलायची, कुठे तिचा हात हातात घ्यायचा, हे गाडीत ठरवून झालं होतं.

"कधी निघायचं असतं?" स्टेफाने विचारलं.

"अजून बऱ्याच चाचण्या आहेत. काही वर्षं जातील."

"मग या वर्षीचे टायर बदलून घे," ती म्हणाली आणि सूप संपवायला लागली.

ऑरेस्टने आपल्या सुपात उगाच चमचा फिरवला. मग म्हणाला, "तुझी काही हरकत?"

"माझी कसली हरकत. मीठ दे इकडे."

बायकोची हरकत नसणं ही गोष्ट कुठल्याही नवऱ्याला सुखाची वाटावी. पण एवढ्या मोठ्या बाबतीत ती इतकी नसावी, हे ऑरेस्टला जरा लागलं. आणि एकदा बायकोचीच हरकत नाही म्हटल्यावर गावाची कशी असणार?

गावाने सल्ले द्यायला सुरुवात केली. सिग्गी रोज सकाळी बर्फ ढकलायच्या निमित्ताने कुंपणापाशी येई. "मंगळावर दुपारी शून्याच्या आसपास जातं म्हणे कधीकधी," तो म्हणाला, "इथे आज उणे छत्तीस आहे. तू तर हवापालटाला चाललायस लेका." हाल्यामावशी ही चर्चच्या स्वयंपाकघराची मालकीण. साऱ्या गावाची मावशी, आणि मावशीपणाच्या आड ब्रिगेडियर. तिने बिटाचं बियाणं आणून दिलं. "माती लाल आहे ना तिकडची? म्हणजे बीट चांगलं येणार. वाफे उंच कर, पाणी साचू देऊ नकोस." लेनर्ड बोडनारने दातांचा विषय काढला. तिकडे डॉक्टर नाही, तेव्हा जाण्यापूर्वी सगळे दात काढून घेतलेले बरे. निवृत्त असलो तरी हत्यारं ठेवली आहेत, शेजारधर्म म्हणून करून देईन. हे तो अगदी मनापासून बोलला, आणि हेच ऑरेस्टला जास्त झोंबलं.

कुणी म्हणजे कुणी "अरे, वेड लागलंय का तुला" असं म्हणेना. ऑरेस्ट मनातल्या मनात त्या वाक्याची वाट बघत होता. चार लोकांनी गळ घालावी, आपण नाही नाही म्हणावं आणि शेवटी त्यांच्या आग्रहाला मान द्यावा. प्रतिष्ठित माणसाला माघार घेण्याचा हाच एक मार्ग असतो. पण त्यासाठी चार लोक लागतात.

मग कचेऱ्या सुरू झाल्या. जन्मभर ऑरेस्ट खिडकीच्या आतल्या बाजूला बसला होता. बाहेर इतकं थंड असतं याची त्याला कल्पना नव्हती. पेन्शनच्या कार्यालयाला त्याने फोन केला, तर तिकडची बाई अत्यंत प्रसन्न आवाजात म्हणाली, "परदेशी स्थायिक होताय? छान. कुठल्या देशात?"

"देश नाही. मंगळ."

टकटक आवाज आला. "ते यादीत दिसत नाही. 'इतर' घालते. तिकडे दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागेल हं. स्थानिक डॉक्टर, वकील किंवा धर्मगुरूची सही चालेल."

"तिकडे स्थानिक कुणीच नाही. आम्हीच पहिले."

"मग ज्यांना तुम्ही निदान दोन वर्षं ओळखता असे शेजारी चालतील."

"समजा दाखला आला नाही, तर?"

"तर तुम्ही वारलात असं धरतो आम्ही," ती तितक्याच प्रसन्नपणे म्हणाली. "अजून काही मदत करू शकते का?"

या वाक्याने तो दिवसभर अस्वस्थ होता. पण खरा घाव घातला तो हाल्यामावशीने. ती दफनभूमीच्या समितीवरही होती. एका रविवारी प्रार्थना आटोपल्यावर तिने त्याला कोपऱ्यात घेतलं.

"ऑरेस्ट, राग मानू नकोस. टेकडीवरच्या तुमच्या जागेचं काय करायचं?"

टेकडीवर हावरिलुक पतिपत्नीची जोडजागा होती. दगडसुद्धा बसवून झाला होता. दोघांची नावं, जन्मसालं, आणि पुढे एकेक आडवी रेघ. ऑरेस्टनेच पाया तपासून घेतला होता.

"काय करायचं म्हणजे?"

"तू तर तिकडेच राहणार. म्हणजे तुझी अर्धी बाजू रिकामी. नियम असा आहे की वापरात येणार नसेल तर जागा सोडायची. मागणी आहे रे. लेनर्डने विचारलंय."

"लेनर्डने काय विचारलंय?"

"तुझी बाजू मिळेल का म्हणून."

ऑरेस्टने मनातल्या मनात यादी केली. माणसाने संघ घेतला, ठीक. दात मागितले, तेही ठीक. पण स्टेफाच्या शेजारी जगाच्या अंतापर्यंत आडवं पडायचं? त्याने घरी जाऊन हे स्टेफाला सांगितलं. ती म्हणाली, "लेनर्ड आपल्या दारातला बर्फ काढून जातो हल्ली. चांगला माणूस आहे." एवढंच.

याच सुमारास सेकंड होमचं फर्मान आलं. प्रत्येक उमेदवाराने एका लहानशा बंद खोलीत दहा दिवस एकट्याने काढायचे. बाहेर पाऊल टाकायचं तर अवकाशाचा पोशाख घालूनच, तेही फक्त दगडमातीचे नमुने आणायला, आणि खोलीपासून हाकेच्या अंतरात. कुणाला आत घ्यायचं नाही, कुणाशी समोरासमोर बोलायचं नाही. घरच्यांशी बोलायला फोनवर एक खास सोय दिली होती. आपण बोललेलं लगेच पोचत नसे, पाव तास अधांतरी लटकून मग पलीकडे आपोआप वाजू लागे, कारण मंगळावरून आवाज यायला तेवढा वेळ लागतो.

खोली म्हणून सिग्गीने गोठलेल्या तळ्यावरची आपली मासेमारीची झोपडी दिली. लाकडी, एका खाटेची, कोपऱ्यात शेगडी, आणि जमिनीला बर्फात पाडलेलं भोक. ऑरेस्ट म्हणाला, भोक बुजवू. सिग्गी म्हणाला, झोपडी मंगळाला दिलीय, भोक दिलेलं नाही. शेवटी भोक राहिलं, गळ राहिला, गळाला बांधलेली घंटाही राहिली. पोशाख ऑरेस्टने स्वतः केला. बर्फावरून पळणाऱ्या स्नोमोबीलवर बसताना घालायचा जाड डगला चंदेरी रंगाने रंगवला, डोक्यावर वेल्डिंगचं शिरस्त्राण, आणि पाठीवर जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी. नळीचा उपयोग काही नव्हता, पण तिच्यावाचून तो वेल्डर दिसत होता.

पहिला दिवस शांततेत गेला. दुसऱ्या दिवशी खिडकीत केंड्रा उगवली. केंड्रा म्हणजे कार्यालयातली त्याची साहाय्यक. त्याच्या रजेत त्याच्याच खुर्चीवर बसलेली. तिने काचेला नोटीस लावली आणि मोठ्याने म्हणाली, "सर, माफ करा. तळ्यावरची झोपडी राहण्यासाठी वापरायला बंदी आहे."

बोलायचं नाही, हा नियम होता. पण नियमांचा प्रश्न आला की ऑरेस्टला गप्प बसणं अशक्य. तो दाराआडून ओरडला, "हा मंगळ आहे. इथे तुमची हद्द लागू नाही."

"सर, तळं आपल्या हद्दीत आहे. नकाशा तुम्हीच काढलाय. नियमही तुम्हीच लिहिलाय."

"अपील करीन."

"अपील इमारत निरीक्षकांकडे करायचं असतं, सर. म्हणजे तुमच्याकडे. तुम्ही रजेवर आहात म्हणून माझ्याकडे."

ऑरेस्टने काचेतून नोटीस नीट वाचली. मुद्देसूद होती, कलमं बरोबर, भाषा कडक पण सभ्य. त्याला राग यायला हवा होता, पण ऊर भरून आला. पोरीला आपण चांगलं तयार केलं. त्याने दहा दिवसांची मुदत मागितली. केंड्राने ती देऊन टाकली, आणि जाताना म्हणाली, "सर, शेगडीचं धुराडं भिंतीला फार जवळ आहे. तेवढं बघा."

तिसऱ्या दिवशी घंटा वाजली. ऑरेस्टने दुर्लक्ष केलं. मंगळावर मासे नसतात. घंटा वाजतच राहिली. शेवटी त्याने दोर ओढला, आणि त्याच्या जन्मात कधी लागला नव्हता एवढा मोठा मासा फडफडत खाटेखाली आला. गावची मासेमारीची स्पर्धा चारच दिवसांवर होती. हा मासा स्पर्धेत ठेवला असता तर लेनर्डच्या कर्णधारपदाकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण दाखवणार कुणाला? पुराव्याला माणूस आत घ्यायचा नाही. ऑरेस्टने माशाकडे पाहिलं, माशाने ऑरेस्टकडे पाहिलं, आणि त्याने त्याला परत भोकात सोडलं. हे कळल्यावर सिग्गी पुढचा आख्खा दिवस त्याच्याशी बोलला नाही. म्हणजे खिडकीपाशी येऊन, न बोलता उभा राहून गेला.

आणि रोज स्टेफाशी बोलणं. हे प्रकरण आधी वाटलं तितकं सोपं नव्हतं. "काडेपेटी कुठे ठेवलीस?" असं विचारावं, तर उत्तर यायला अर्धा तास. तोवर काडेपेटी सापडलेली, शेगडी पेटलेली आणि ऑरेस्टने दुसऱ्याच विषयावर दोन तक्रारी पाठवलेल्या. भांडण तर जमेचना. त्याने टोमणा मारावा, तो पोचेपर्यंत तिचा गोड निरोप इकडे यावा. मग त्याने घाईघाईने माफी मागावी, ती पोचेपर्यंत तिचं टोमण्याला उत्तर यावं. तीन दिवसांत दोघांनी हा नाद सोडला.

पण आणखी एक गोष्ट झाली. इतक्या वर्षांच्या संसारात ऑरेस्टने बायकोचं वाक्य कधी पूर्ण होऊ दिलं नव्हतं. वाईट हेतूने नाही. ती काय म्हणणार हे त्याला आधीच ठाऊक असे, म्हणजे तशी त्याची समजूत असे. आता तिचं बोलणं मध्येच तोडायची सोयच नव्हती. फोन खाटेवर ठेवायचा आणि बसून ऐकायचं. स्टेफा बरंच बोलते, आणि त्यातलं बरंचसं आपल्याला माहीत नाही, हे त्याला कळायला लागलं. शाळेतल्या शेवटच्या दिवशी ती गाडीत बसून रडली होती. तिला कर्लिंग मुळीच आवडत नाही, ती फक्त सूप प्यायला यायची.

सातव्या दिवशी स्पर्धा होती. सकाळपासून तळ्यावर सारं गाव भोकं पाडून खुर्च्या टाकून बसलं होतं, आणि ध्वनिक्षेपकावरून कुणीतरी कुणाचा मासा किती भरला ते सांगत होतं. तेवढ्यात स्टेफाचा निरोप वाजला.

"ऑरेस्ट, समितीने परत विचारलंय. लेनर्डला मी सांगितलं, ती काही गाडी लावायची जागा नाही, ऑरेस्टला विचारल्याशिवाय मी बोलणार नाही. तू सांग काय करायचं ते." मग जरा वेळ नुसती खरखर. "तुला वाटतं मला काही वाटत नाही. मला दिसतं तुझ्या तोंडावर. माझ्या बाबांना युकॉनला जायचं होतं, पार उत्तरेला, खाणीवर. आईने जाऊ दिलं नाही. मग ते मरेपर्यंत रोज जेवताना युकॉन. बटाटा कच्चा राहिला तरी युकॉन. आई गेली, तिच्यासाठी चाळिसाव्या दिवशी जेवण घातलं, तिथेसुद्धा युकॉन. मी लग्नाच्या आधीच ठरवलं होतं, आपण कुणाच्या ताटातलं युकॉन व्हायचं नाही. म्हणून मी मीठ मागितलं त्या दिवशी. बाकी काही नाही. गरम मोजे घाल."

ऑरेस्ट खाटेवर बसून राहिला. शेगडी विझत आली होती, त्याचंही त्याला भान नव्हतं. मग त्याने फोन उचलला आणि आयुष्यात प्रथमच, समोर कुणी नाही या धीरावर, मनातलं बोलला. भरपूर बोलला. बोलणं संपवून बटण दाबलं, फोन खिशात टाकला आणि त्याला एकदम हलकं वाटलं.

हलकेपणा सुमारे दोन मिनिटं टिकला. खिडकीत सिग्गीचं डोकं आलं. माशाचा राग आता ओसरलेला दिसत होता.

"तुझ्या घरी पाय ठेवायला जागा नाही," तो म्हणाला. "शनिवारच्या तुझ्या निरोपाच्या जेवणाच्या पिरोह्या करायला हाल्यामावशीने झाडून साऱ्या बायका तिथे बसवल्यात. निघायला अजून वर्षं आहेत, पण मावशी ऐकते होय? मी आताच खाऊन आलो. तुझा सकाळचा निरोप ऐकला आम्ही. ओट्यावर ठेवलाय तो फोन, हात पिठाचे असतात म्हणून पूर्ण मोठ्या आवाजात. पोट साफ होत नाहीये म्हणालास ना? आलुबुखार खा. सगळ्याजणींचं तेच मत पडलं."

ऑरेस्टच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण नुकतंच जे बोललो ते, जसंच्या तसं, हाल्यामावशी आणि तिच्या पलटणीसमोर वाजणार होतं. निघालंय. वाटेत आहे. पाव तासातली काही मिनिटं गेलीसुद्धा. जगात असा प्रसंग क्वचितच कुणावर आला असेल की त्याला स्वतःच्याच शब्दांशी शर्यत लावून घरी पोचायचं आहे.

त्याने दार उघडलं. पोशाख अंगावर होताच, कारण आत थंडी होती. नियमाच्या सवयीने शिरस्त्राणही डोक्यावर चढवलं. तो पळत सुटला.

घर समोर किनाऱ्यावर दिसत होतं, पण बर्फावरून जाड डगल्यात पळणं म्हणजे गादीत गुंडाळलेल्या माणसाने पळणं. खुर्च्यांवरचे लोक उठून उभे राहिले. काहींनी टाळ्या वाजवल्या. ध्वनिक्षेपक म्हणाला, "मंडळी, आपला अंतराळवीर सरावाला बाहेर पडलेला दिसतोय. ऑरेस्ट, तिकडे गुरुत्वाकर्षण कमी असतं, पाय जास्त उचल." ऑरेस्ट एका भोकावरून उडी मारून गेला, दुसऱ्यात त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत बुडाला, आणि तिसऱ्यापाशी तो घसरून सरळ पोटावर आडवा झाला. कर्लिंगच्या धोंड्यासारखा तो बराच लांब सरकत गेला. पुढे झाडायला कुणी नव्हतं, म्हणून थांबला.

शेजारी एक स्नोमोबील येऊन उभी राहिली. तिच्यावर लेनर्ड बोडनार.

"घाईत आहेस का?" लेनर्डने विचारलं.

जगात इतकी माणसं असताना याच माणसाकडे गाडी असावी, यावर ऑरेस्टने पळभर विचार केला आणि मागे बसला. त्याला लेनर्डच्या कमरेला धरावं लागलं.

"ती दफनभूमीची गोष्ट," लेनर्ड इंजिनाच्या आवाजावर ओरडला, "गैरसमज नको. माझी बायको, इरेन, खाली उताराला आहे. वसंतात तिथे पाणी साचतं. तुमची जागा उंचावर, कोरडी. इरेनची रक्षा तिथे हलवावी, मग पुढेमागे माझी, असं मनात होतं. दोघं मिळून अर्ध्या जागेत मावू आम्ही. इरेनला ओल कधी सोसली नाही."

इतके आठवडे जोपासलेला मत्सर असा एका वाक्यात काढून घेतला की माणसाला उघडं पडल्यासारखं वाटतं. "तिकडचा निचरा मी बघतो," तो शेवटी म्हणाला. "चर टाकला की काम होईल."

त्याने स्वयंपाकघराचं दार ढकललं तेव्हा आत अगदी शांतता होती. टेबलाभोवती बायका बसल्या होत्या, हातांत पिठाच्या चकत्या, मध्ये बटाटा-चीजच्या सारणाची परात, आणि चादरीवर ओळीने करंजीसारख्या मुरडून ठेवलेल्या पिरोह्या. सगळ्यांच्या माना ओट्याकडे वळलेल्या. ओट्यावरच्या फोनमधून त्याचाच आवाज नुकता सुरू झाला होता.

"स्टेफा, मला जायचं नाही."

"बंद कर ते," ऑरेस्ट दारातून म्हणाला. शिरस्त्राणामुळे ते "बं-क-ते" असं ऐकू आलं.

"माझे हात पिठाचे आहेत," स्टेफा म्हणाली. ती जागची हलली नाही.

"मला कधीच जायचं नव्हतं," फोन सांगत होता. "मला वाटलं कुणीतरी अडवील. मुख्य म्हणजे तू. आता सारं गाव कामाला लागलंय, मावशी निरोपाचं जेवण घालतेय, मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? तू एकदा, एकदाच, जाऊ नकोस म्हण. म्हणजे मला सांगता येईल, बायको सोडत नाही. एवढी माझी लाज राख. आणि टेकडीवरची जागा कुणाला देऊ नकोस. मला तिथेच यायचं आहे. घाई नाही, पण तिथेच."

फोन थांबला. ऑरेस्टच्या चंदेरी डगल्यावरून वितळलेलं पाणी फरशीवर टपटपत होतं, आणि व्हॅक्यूमची नळी गळ्याशी लोंबत होती.

"बटाटा थंड होतोय," हाल्यामावशी म्हणाली, आणि सगळ्या बायका एकदम खाली बघून मुरड घालायला लागल्या.

स्टेफाने हात धुतले, पुसले. ओट्यावरचा फोन उचलून ती कोठीघरात गेली आणि दार लावून घेतलं. जरा वेळाने बाहेर आली, फोन जागेवर ठेवला आणि पुन्हा कणीक लाटायला बसली. ऑरेस्टकडे तिने पाहिलंही नाही.

"बस," हाल्यामावशी त्याला म्हणाली. "उभा राहून फरशी भिजवतोयस. ते डोक्यावरचं काढ. हातमोजेही."

तो बसला. त्याच्यापुढे चकत्या सरकवण्यात आल्या. पिरोह्या ही गोष्ट तो जन्मापासून खात आला होता, केली कधी नव्हती. त्याच्या पहिल्या दोन फुटल्या, तिसरी होडीसारखी झाली. मावशीने ती हातात घेऊन फिरवून पाहिली आणि मान हलवून म्हणाली, "हे पाडावं लागेल." टेबलावर हसू फुटलं, पण दबकं. दारात सिग्गी येऊन उभा राहिला होता. त्याच्यामागे लेनर्ड.

काही वेळाने ऑरेस्टच्या डगल्याच्या खिशातून, पूर्ण मोठ्या आवाजात, स्टेफा बोलू लागली. टेबलापलीकडची स्टेफा जागच्या जागी गोठली. त्याचा फोनही आपोआप वाजतो, हे कोठीघरात तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ऑरेस्ट, जाऊ नकोस. झालं समाधान? दगडावर तुझं नाव आहे, ते मी दर रविवारी पुसते. त्याच्याखाली पुढे कुणी नसेल हे मनात आलं की मला पुसवत नाही. तुझं घोरणं मला आवडत नाही, पण तू झोपडीत गेल्यापासून मला झोप नाही. सिग्गीला सांगितलंस तर बघ."

सिग्गीने दारातच टोपी काढली आणि छताकडे पाहिलं. स्टेफा कानापर्यंत लाल झाली होती, आणि लाटणं हातात तसंच धरून बसली होती.

ऑरेस्ट उठला. डगला जेवढं उभं राहू देईल तेवढं ताठ उभं राहून, नगरपालिकेच्या सभेत बोलायच्या आवाजात तो म्हणाला, "माझा नाइलाज आहे. बायको सोडत नाही."

"तिचंही बरोबरच आहे," हाल्यामावशी म्हणाली, आणि बाकीच्यांनीही माना हलवल्या.

शनिवारी जेवण ठरल्याप्रमाणे झालं, कारण एवढ्या पिरोह्यांचं दुसरं काय करणार? सिग्गीने निरोपाचं भाषण आधीच पाठ केलं होतं. नवं करायला वेळ नव्हता म्हणून त्याने तेच केलं. पृथ्वी ऑरेस्ट हावरिलुकला विसरणार नाही, त्याची जागा कुणी भरून काढू शकणार नाही, असं तो भरल्या गळ्याने सांगत होता आणि लोक डोळे पुसत होते. ऑरेस्ट त्या वेळी लेनर्डच्या मागे, दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या रांगेत ताट घेऊन उभा होता. स्टेफाने त्याच्या ताटात पाहिलं आणि एक पिरोही जास्त घातली.